गणवेशाचा धनी कोण? : बालवीर चळवळीतील नाव, चिन्ह आणि हक्क

लोकाश्रयावर चालणाऱ्या संस्थेच्या ताळेबंदात इमारत, कपाटे, पुस्तके आणि ठेवी यांची किंमत मांडता येते. तिच्या नावाची आणि शिक्क्याची किंमत मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. दारात आलेल्या कार्यकर्त्याच्या पावतीपुस्तकावर ओळखीचा शिक्का दिसला, की गृहस्थ फारशी चौकशी न करता वर्गणी काढून देतो. शाळेतील बालवीर पथकाचा मुलगा 'खरी कमाई'साठी घरोघर काम मागत येतो, तेव्हाही त्याच्या गळ्यातील स्कार्फ, वॉगल आणि खिशावरचा बिल्ला पाहूनच त्याला अंगणात घेतले जाते. हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो. तो उद्या दुसऱ्याच कोणी वापरू लागला, तर त्याला अडविण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. बालवीर म्हणजे स्काउट चळवळीच्या इतिहासात या प्रश्नाने तीन देशांत तीन निरनिराळी रूपे घेतली. त्यांतील सर्वांत कडवट रूप हिंदुस्थानात दिसले, आणि गंमत अशी, की त्या बिल्ल्याचा उगमही हिंदुस्थानातीलच आहे.

१८९७ साली कर्नल रॉबर्ट बेडन-पॉवेल हा मीरतच्या छावणीत पाचव्या ड्रॅगून गार्ड्स या घोडदळाचा प्रमुख होता. टेहळणीचे खास शिक्षण पुरे करणाऱ्या सैनिकांना वेगळे ओळखता यावे म्हणून त्याने बाहीवर लावावयाचे एक चिन्ह ठरविले. होकायंत्रावर उत्तर दिशा दाखविणारे तीन पाकळ्यांचे लिलीचे फूल, ते हे चिन्ह. पुढे दक्षिण आफ्रिकेतील युद्धात माफेकिंगच्या वेढ्यामुळे बेडन-पॉवेल इंग्लंडात घरोघरी परिचित झाला. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर त्याने सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले, तेव्हा हेच फूल पितळेत ओतून मुलांच्या छातीवर आले. त्या मुलांत काही उच्चभ्रू निवासी शाळांतील होती, तर काही सामान्य कामकरी घरांतील. एकाच रंगाचा गळपट्टा आणि एकच बिल्ला ल्यालेल्या मुलांत कोण सरदाराचा आणि कोण कामगाराचा हे कळू नये, ही त्यामागील दृष्टी होती. रुंद काठाची टोपी, खाकी सदरा आणि गळपट्टा हा पुढे रूढ झालेला पोशाख बेडन-पॉवेलने दक्षिण आफ्रिकेत उभारलेल्या पोलीसदलाच्या वेशावरून बेतलेला होता.

जानेवारी १९०८ पासून 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक पाक्षिक भागांत प्रसिद्ध होऊ लागले. एका भागाची किंमत चार पेन्स होती. मुलांनी ते विकत घेतले, स्वतःच तुकड्या केल्या, काठ्या तोडल्या, आईकडून गळपट्टे शिवून घेतले आणि मग कोणी तरी वडीलधारा प्रमुख म्हणून शोधून काढला. आधी संघटना आणि मग सभासद असा सर्वसाधारण क्रम येथे उलटा झाला. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये सुमारे दहा हजार स्काउट जमले, त्यांत गणवेश घालून आलेल्या काही मुलीही होत्या. त्यांना कोणी बोलाविले नव्हते. गणवेश त्यांनी आधीच अंगावर चढविला होता, परवानगी मागून मिळावयाची होती. ती मिळाली, पण 'स्काउट' या नावाने नव्हे. १९१० पासून त्यांच्यासाठी 'गर्ल गाइड्स' ही वेगळी संघटना आणि वेगळे नाव ठरले.

पुस्तक वाचून जो कोणी पथक उभारील तो स्काउट, की मुख्यालयाच्या दप्तरी ज्याची नोंद तो स्काउट, हा वाद याच सुमारास उघड झाला. १९०९ सालीच लंडनच्या बॅटर्सी भागातील पथकांनी मूळ संघटनेपासून फुटून 'ब्रिटिश बॉय स्काउट्स' स्थापन केले. बेडन-पॉवेलच्या मुख्यालयात लष्करी अधिकाऱ्यांचा भरणा फार झाला आहे, हा त्यांचा आक्षेप होता. सर फ्रान्सिस व्हेन या शांततावादी सरदाराला मूळ संघटनेने लंडनच्या आयुक्तपदावरून दूर केले, तेव्हा तो या फुटीर गटाचा अध्यक्ष झाला. त्याने आपल्या पदरचे पैसे चळवळीत ओतले आणि १९१२ साली त्याचे दिवाळे वाजले. त्याच वर्षाच्या ४ जानेवारीस बेडन-पॉवेलच्या संघटनेला राजाची सनद मिळाली. दोन घटनांचा काळ एकच असणे हा योगायोग असेल. पण राजमान्यतेचे पारडे कोणीकडे झुकले होते ते त्यावरून दिसते.

सनद मिळाल्याने संस्थेला कायदेशीर व्यक्तित्व आले. तरीही कोणी खाकी सदरा आणि तसाच बिल्ला लावून हिंडू लागला, तर त्याला शासन करण्याची सोपी वाट नव्हती. ती १९२६ च्या कायद्याने खुली झाली. राजसनद मिळालेल्या संस्थांची नावे, गणवेश आणि बिल्ले यांना संरक्षण देणारा हा स्वतंत्र कायदा ब्रिटिश पार्लमेंटने संमत केला. व्यापारी छापांचे कायदे तेथे पूर्वीपासून होते, परंतु स्वयंसेवी संस्थेच्या अंगावरील कपड्यांना कायद्याने जपावे ही कल्पना नवी होती. आपला माल म्हणून दुसऱ्याचा माल खपविला जाऊ नये ही व्यापाऱ्याची चिंता असते. स्वयंसेवी संस्थेजवळ विकण्याजोगा माल नसतो, तिच्यापाशी असते ती लोकांनी तिच्या वेशावर ठेवलेली भिस्त.

अटलांटिकच्या पलीकडे याच वादाचा रंग अगदी वेगळा होता. 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' ही संस्था ८ फेब्रुवारी १९१० रोजी नोंदली गेली. त्याच वर्षी वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याच्या पाठबळाने 'अमेरिकन बॉय स्काउट्स' ही दुसरी संस्था उभी राहिली. आपल्या नावावर पैसे गोळा होत आहेत आणि त्यांचा हिशेब नीट लागत नाही असे दिसताच हर्स्ट लवकरच तीतून बाहेर पडला, परंतु संस्था चालू राहिली. तिची मुले बंदुका घेऊन कवायत करीत. १९१२ मध्ये तिच्यातील एका मुलाच्या बंदुकीची गोळी लागून न्यू यॉर्कमध्ये एक लहान मुलगा मरण पावला. वृत्तपत्र वाचणाऱ्या सामान्य माणसाला 'स्काउटच्या हातून मूल मेले' एवढेच कळले. दोन संस्था आहेत आणि त्यांतील एकीच्या हाती बंदूक नाही, हा तपशील मथळ्यात मावत नाही.

मूळ संस्थेचा कारभारी जेम्स वेस्ट हा व्यवसायाने वकील होता. दुसऱ्याच्या कृत्याने आपले नाव डागाळते, दुसऱ्याच्या वर्गणीने आपला दाता आटतो, हे त्याने नेमके हेरले. न्यायालयात वर्षानुवर्षे भांडण्यापेक्षा काँग्रेसचाच शिक्का मिळविणे त्याला अधिक श्रेयस्कर वाटले. १५ जून १९१६ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची स्वाक्षरी होऊन बॉय स्काउट्सना संघराज्याची सनद मिळाली. त्या सनदेने संस्थेची चिन्हे, बिल्ले, वर्णनपर खुणा, शब्द आणि शब्दप्रयोग वापरण्याचा संपूर्ण आणि एकमेव अधिकार तिला दिला. त्याच महिन्यातील राष्ट्रीय संरक्षण कायद्याने सैन्याच्या गणवेशासारखा वेश नागरिकांनी घालण्यास बंदी केली, तीतूनही बॉय स्काउट्सना वगळले. मग प्रतिस्पर्धी संस्थेवर दावा झाला आणि १९१९ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने 'स्काउट' हे नाव वापरण्यास तिला मनाई केली.

ब्रिटन आणि अमेरिका येथील निकाल एका बाजूने सारखेच लागले, तरी हरलेल्या पक्षांची प्रकृती एकमेकांच्या अगदी उलट होती. लंडनचा फुटीर गट बेडन-पॉवेलपेक्षा अधिक शांततावादी होता, तर न्यू यॉर्कचा गट मुलांच्या हाती बंदूक देणारा. कायद्याला या फरकाशी कर्तव्य नव्हते. नाव कोणाचे, एवढाच प्रश्न तो विचारतो. त्या नावाला अधिक जागणारा कोण, हे ठरविण्याचे मोजमाप त्याच्यापाशी नाही.

असल्या वादांत कायद्याच्या ज्या शाखा गुंततात त्यांची फोड करून घेणे इष्ट ठरेल. ग्रंथाच्या मजकुरावर आणि चित्रावर कॉपीराइट असतो, त्याला मुदत असते. वस्तूच्या बाह्य रूपावरील डिझाइनचा हक्क भारतात दहा वर्षांचा आणि फार तर आणखी पाच वर्षे वाढणारा. व्यापारचिन्हाचा हक्क मात्र दर दहा वर्षांनी नूतनीकरण केले आणि चिन्ह वापरात ठेवले, तर अमर. बेडन-पॉवेलचे निधन ८ जानेवारी १९४१ रोजी केनियात झाले. त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूर गेले. भारतात तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क टिकत असे, म्हणून १९९१ संपताच रवींद्रसाहित्य सर्वांना खुले होणार होते. ते विश्वभारतीच्या हातून निसटू नये यासाठी १९९१ च्या डिसेंबरअखेर वटहुकूम निघाला आणि मुदत साठ वर्षांची झाली. रवींद्रनाथांसाठी उघडलेल्या त्या छत्रीखाली बेडन-पॉवेलही आपोआप आला! भारतात त्याचे ग्रंथ २००१ च्या अखेरीस मुक्त झाले, ब्रिटनमध्ये सत्तर वर्षांच्या हिशेबाने २०११ च्या अखेरीस. आज 'स्काउटिंग फॉर बॉइज' कोणीही छापावे, वाचावे, त्यावरून मुलांना गाठी मारावयास शिकवावे. मात्र ते शिकून झाल्यावर मुलांनी स्वतःला काय म्हणवावयाचे आणि खिशावर काय लावावयाचे, याला परवानगी लागते. ज्या पुस्तकाने मुलांना आपापली पथके उभारण्यास शिकविले ते सर्वांचे झाले, त्यावरील बिल्ला मात्र संस्थेकडेच राहिला.

मिळालेली सनद संस्था किती ताणू शकते, याचा अनुभव अमेरिकेत मुलींच्या संघटनेने घेतला. ज्युलिएट लो या बाईंनी १९१२ मध्ये सव्हाना येथे गाइड्सचे पहिले पथक काढले आणि १९१३ मध्ये त्याचे नाव 'गर्ल स्काउट्स' केले. मुली त्या शब्दावर हक्क सांगू लागल्या, तर मुलांना स्काउट म्हणवून घेण्यात अभिमान वाटेनासा होईल, असे वेस्टचे मत होते, आणि तो शब्द त्यांनी सोडावा म्हणून त्याने बराच आग्रह धरला. बायका बधल्या नाहीत. २००८ मध्ये मुलामुलींसाठी 'स्काउट' शब्द असलेले नाव नोंदवू पाहणाऱ्या एका नव्या संस्थेला कॅलिफोर्नियातील न्यायालयात बॉय स्काउट्सपुढे हार पत्करावी लागली. पण काळाने पालट केला तो २०१८ मध्ये. बॉय स्काउट्सनी मुलींना प्रवेश दिला आणि आपल्या मुख्य कार्यक्रमाच्या नावातून 'बॉय' हा शब्द काढला. आता मुलींच्या संघटनेनेच दावा लावला, की मुलींच्या संदर्भात 'स्काउट' म्हणजे आम्ही; या नव्या नावाने पालकांचा घोटाळा होतो. एप्रिल २०२२ मध्ये न्यायमूर्ती ॲल्विन हेलरस्टीन यांनी हा दावा फेटाळला, जुलैमध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. ८ फेब्रुवारी २०२५ पासून मूळ संस्थेचे नावच 'स्काउटिंग अमेरिका' झाले. शंभर वर्षांपूर्वी जो शब्द मुलींनी वापरू नये म्हणून खटपट झाली, तोच शब्द मुलींना आपल्याकडे बोलाविण्यासाठी वापरण्याचा हक्क त्याच संस्थेने न्यायालयातून पदरात पाडून घेतला.

हिंदुस्थानात या प्रश्नाची बाजूच पालटलेली होती. पश्चिमेत मूळ संस्था म्हणत होती, 'आमचा वेश तुम्ही घालू नका.' येथे वेश घालू इच्छिणाऱ्या मुलांना तो घालू दिला जात नव्हता, कारण ती हिंदी होती. १९०९ साली बंगळूरला कॅप्टन बेकर याने पहिले पथक काढले ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. नकाशा वाचणे, माग काढणे, खुणांनी संदेश पाठविणे या विद्या हिंदी मुलांना शिकविल्या, तर त्यांतून क्रांतिकारक निपजतील, ही धास्ती सरकारदरबारी होती. बंगालमधील त्या वर्षांच्या घडामोडी पाहता ती अगदी निराधार म्हणता येणार नाही. पण तीमुळे व्हायचे तेच झाले. ज्या गणवेशाने सरदाराचा आणि कामगाराचा मुलगा यांतील भेद पुसावयाचा, तोच गणवेश गोरा आणि काळा हा भेद दाखवू लागला.

बंद दारावर डोके आपटीत बसण्यापेक्षा हिंदी पुढाऱ्यांनी आपले वेगळे दार बांधले. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने मद्रास येथे 'इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन' काढली. तिच्या मुलांच्या डोक्यावर रुंद काठाची विलायती टोपी नव्हती, फेटा होता. गाणी हिंदी होती. उत्तरेत शाहजहानपूरचे श्रीराम वाजपेयी यांनी १९१३ च्या सुमारास स्वतंत्रपणे मुलांचे पथक उभारले होते. पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी वाजपेयींना जोडीस घेऊन १९१८ मध्ये अलाहाबादेस 'सेवा समिती बॉय स्काउट्स असोसिएशन' स्थापन केली. यात्रेकरूंची सेवा हा सेवा समितीचा मूळ व्यवसाय. मेळ्यात हरवलेले मूल आईबापांपर्यंत पोचविणारा, गर्दीला वाट दाखविणारा मुलगा लोकांनी ओळखावा म्हणून तेथे वेश हवा होता. ज्याचा गणवेश नाकारला गेला त्याने आपला गणवेश आपणच शिवला आणि सेवेने त्याला पत मिळवून दिली. बालवीर हा शब्दही तसाच. मराठी शाळांत तो इतका रुळला, की स्काउट हा परकीय शब्द आहे याची आठवणही राहिली नाही, आणि त्यावर कोणत्याही मुख्यालयाला हक्क सांगता येईना.

अशा संस्था फोफावताच मूळ संघटनेचे दार किलकिले झाले. १९२१ च्या आरंभी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या निमंत्रणावरून बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आला. बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत विलीन झाली आणि हिंदी मुलांना अधिकृत बिल्ला मिळाला. सेवा समिती मात्र बाहेर राहिली. राजनिष्ठेची प्रतिज्ञा आणि लंडनचे वर्चस्व हे दोन अडसर तिला मान्य होण्याजोगे नव्हते. सनदेचा आणि गणवेशाच्या कायद्याचा आधार विलायतेत कितीही भक्कम असो, मालवीयांसारख्या पुढाऱ्याच्या संस्थेवर त्याचा बडगा उगारणे हे राजकीय दृष्ट्या अशक्यच होते. चिन्हाच्या हक्काची धार लोकमतापुढे कशी बोथट होते ते येथे दिसते.

१९३७ च्या फेब्रुवारीत दिल्लीला अखिल भारतीय मेळावा भरला, त्याला वृद्ध बेडन-पॉवेल हजर होता. परत गेल्यावर त्याने हिंदी लोकांच्या चारित्र्यासंबंधी काही अनुदार उद्गार लिहून प्रसिद्ध केले. ते इकडे पोचताच संतापाची लाट उसळली, अधिकृत पथकांतून मुले आणि शिक्षक मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि १९३८ मध्ये सेवा समिती व इतर राष्ट्रीय वृत्तीच्या पथकांची मिळून 'हिंदुस्थान स्काउट असोसिएशन' तयार झाली. ज्याने बिल्ला निर्मिला त्याच्याच लेखणीने येथे त्या बिल्ल्याची किंमत घटविली. बाहेरचा नक्कल करणारा जे नुकसान करू शकला नसता ते धन्याच्या हातून झाले, आणि अशा नुकसानीची भरपाई कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर या दोन संघटनांना एकत्र आणताना नाव आणि चिन्ह यांचा प्रश्न टळणारा नव्हता. कोणा एकाने आपला बिल्ला उतरवून दुसऱ्याचा लावावा, तर ते विलीनीकरण न होता शरणागती झाली असती. बराच काळ वाटाघाटी होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' ही संस्था झाली, १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड्सही तिच्यात आल्या. नाव नवे घेतले गेले. चिन्हात स्काउटांचे लिलीचे फूल राहिले, गाइड्सचे त्रिदल त्यात गुंफले गेले आणि मध्यभागी अशोकचक्र आले. सेवा समितीचे कुंझरू हे नव्या संस्थेचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले, ही गोष्टही त्या चिन्हाइतकीच बोलकी आहे.

त्याच वर्षी भारतीय संसदेने चिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा कायदा केला. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून अनुसूचीतील नाव किंवा चिन्ह धंद्यासाठी, व्यापारचिन्हात अथवा डिझाइनमध्ये वापरण्यास त्याने बंदी घातली आणि मूळ कायद्यात पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला. राष्ट्रध्वज, संयुक्त राष्ट्रसंघ अशा मानकऱ्यांच्या त्या अनुसूचीत पुढे भारत स्काउट्स अँड गाइड्सचे नाव आणि चिन्हही घालण्यात आले. ब्रिटनच्या १९२६ च्या कायद्याशी ताडून पाहिले असता एक फरक डोळ्यांत भरतो. भारतीय कायदा नावाला आणि चिन्हाला जपतो; गणवेशाचा उच्चार त्यात नाही. सैनिकाचा किंवा लोकसेवकाचा वेश फसविण्याच्या हेतूने घालणे १८६० च्या दंडसंहितेने गुन्हा ठरविले होते, २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहे. बालवीराच्या सदऱ्याला त्या कलमांचा आसरा नाही. तो कोणत्याही गावच्या शिंप्याकडे शिवून मिळतो आणि बाजारात शालेय गणवेशांच्या शेजारी टांगलेला असतो. कोणी त्याचा गैरफायदा घेतलाच, तर संस्थेला फसवणुकीच्या सर्वसाधारण कायद्याकडे अथवा आपले नाव दुसऱ्याने वापरल्याबद्दलच्या दिवाणी दाव्याकडे वळावे लागते. तेथेही वादाचा मुख्य पुरावा सदरा नसतो, त्याच्या खिशावर शिवलेला बिल्ला असतो.